अण्णांचा सीटी आणि दहापैकी आठ

स्ट्रोकच्या पेशंटच्या सीटी स्कॅनला दहापैकी मार्क देतात हे अण्णा आजारी पडेपर्यंत मला माहीतच नव्हतं. अ‍ॅस्पेक्ट्स म्हणतात त्याला. पुढची सगळी धावपळ त्या आकड्याभोवती फिरते आणि नातेवाईकांना तो क्वचितच कुणी समजावून सांगतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही पंचवटीत राहतो. सकाळी सहाला आईने अण्णांना चहा दिला तेव्हा ते नीट बोलले, साडेसहाला ती परत बाहेर आली तर पेपर खाली पडलेला, तोंड वाकडं, उजवा हात लुळा आणि बोलायला गेले की नुसतं अं अं. शेजारच्या काकू म्हणाल्या अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणे बीपीची गोळी जिभेखाली ठेवा, मामांचा फोन की लकव्याचं औषध देणारा एक माणूस आहे आधी तिकडे न्या. दादाने कुणाचंही ऐकलं नाही, पाण्याचा घोटसुद्धा पाजू दिला नाही (गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं) आणि गाडी काढली.

जवळच्या एका ठिकाणी सीटी झाला. तिथले म्हणाले रक्तस्राव नाही, सीटी नॉर्मल आहे, अ‍ॅडमिट करा, उद्या एमआरआय बघू. समोर माणसाचा हात उचलत नाहीये आणि नॉर्मल कसं काय? दादाने स्कॅनची सीडी मागून घेतली आणि आम्ही न्यूरोलॉजिस्ट आणि कॅथलॅब (रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करायची खोली) असलेल्या हॉस्पिटलला निघालो, नशीब की अजून गर्दी सुरू झाली नव्हती, नाहीतर द्वारका सर्कलला काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको.

तिथे पहिला प्रश्न, शेवटचं नॉर्मल कधी बघितलं? आपल्याला कधी कळलं ते नाही, शेवटचं ठीक कधी होते ते. म्हणजे सहा. घड्याळ तिथून धरलं, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मग शुगर, वजन, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे सगळं उभ्या उभ्या विचारलं, आणि सीडी बघूनही सीटी पुन्हा केला, सोबत अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन.

न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी मला स्क्रीनसमोर बोलावलं. सहीच्या आधी बघून घ्या म्हणाल्या, याचे उपकार मी विसरणार नाही. आधी त्यांनी स्क्रीनवरचा काळा-पांढरा रंग असा काही बदलला की जे सगळं एकसारखं राखाडी दिसत होतं त्यात फरक दिसायला लागला. मेंदूच्या मधल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या हद्दीचे दहा भाग पाडलेले असतात, खोलवरचे कॉडेट, लेंटिफॉर्म, इंटर्नल कॅप्सूल, मग इन्सुला, आणि बाहेरच्या पृष्ठभागाचे एम वन ते एम सिक्स. सुरुवात दहापासून, आणि ज्या भागात रक्त न मिळाल्याची खूण दिसेल त्याचा एकेक मार्क वजा. उजवीकडे इन्सुलाची कड पापड कडेने भाजल्यावर दिसतो तशी उठून दिसत होती, डावीकडे ती पुसल्यासारखी झालेली. लेंटिफॉर्मही फिकट. सीटीत डावी बाजू उजवीकडे दिसते, त्यामुळे मी आधी भलतीकडेच बघत होते.

ज्युनियर डॉक्टर म्हणाले एम वनही गेलाय, सात. मॅडमनी खालचा-वरचा स्लाइस (स्कॅनमधला मेंदूचा एकेक आडवा काप) पुन्हा फिरवला आणि म्हणाल्या, लागून असलेल्या दोन स्लाइसवर दिसलं तरच धरायचं, हा एकातच आहे, आठ. दोन डॉक्टरांत एखाद्या मार्काचा फरक पडतो म्हणे, म्हणूनच दोघं बघतात. अण्णांच्या मेंदूत एक जुना काळा ठिपकाही होता, कधीतरी न कळता येऊन गेलेला छोटा झटका, तो मोजायचाच नाही, फक्त आजचं नुकसान मोजायचं.

मी विचारलं, आठ म्हणजे ऐंशी टक्के मेंदू वाचला का? तर नाही. सगळे भाग सारख्या आकाराचे नाहीत, आणि कुठला भाग गेला यावर बरंच अवलंबून असतं. इंटर्नल कॅप्सूल शाबूत दिसतंय ही हाताच्या दृष्टीने चांगली गोष्ट, असं त्या म्हणाल्या. आणि अगदी लवकर काढलेल्या सीटीत दहापैकी दहा येऊ शकतात तरी स्ट्रोक असतोच, खुणा दिसायला वेळ लागतो. पहिल्या ठिकाणचा नॉर्मल तो हाच! ही पद्धत कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी 2000 मध्ये मांडली, आणि मार्क सात किंवा कमी असले तर परिणाम वाईट होण्याची आणि इंजेक्शननंतर रक्तस्रावाची भीती जास्त, असं त्यात दिसलं होतं. आता मात्र तीन ते पाच मार्कांच्या काही निवडक पेशंटचीही गुठळी काढतात, 2022 पासूनच्या अभ्यासांत त्याचा फायदा दिसलाय, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून कुणी हात टेकू नयेत.

अँजिओत मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी स्पष्ट होती. दादाने सही केली, इंजेक्शन चालू झालं आणि तसंच कॅथलॅबला नेऊन मांडीतून नळी घालून गुठळी बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी परत सीटी, रक्तस्राव नाही हे बघूनच अ‍ॅस्पिरिन सुरू. इन्सुला आणि लेंटिफॉर्ममध्ये डाग पक्का झाला होता, बाकीचे आठ भाग तसेच होते. एम वनसुद्धा.

अण्णा आता स्वतःच्या हाताने जेवतात, चालतात. शब्द मात्र अडतात, 'कात्री' म्हणायचं असेल तर हाताने कापून दाखवतात, त्यासाठी स्पीच थेरपी चालू आहे आणि दर आठवड्याला थोडा फरक जाणवतो. घरात कुणावर ही वेळ आली तर दोन गोष्टी सोडू नका, शेवटचं नीट कधी बोलले ती वेळ कागदावर लिहा, आणि स्कॅन झाला की सीडी मागाच, व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्मचा फोटो पाठवून हे राखाडी फरक दिसत नाहीत.