‘मी वर गेलोच नव्हतो’

महोत्सवी स्मरणिकेत शाळेच्या आठवणी इतर जण लिहितीलच. मी लिहितो आहे ते संमेलनात रहस्यनाटक बसवू पाहणाऱ्या मुलांसाठी. हौशी मंडळी या प्रकाराला उगीच बिचकतात. शाळेला याच्याइतकं सोयीचं नाटक नाही. एक दिवाणखाना, सात-आठ पात्रं, एक रात्र. नेपथ्य बदलायचं नाही आणि प्रत्येकावर संशय असल्यामुळे कुणाचंच काम किरकोळ राहत नाही.

खुनी कोण, हे पहिल्या वाचनालाच सगळ्यांना सांगा. मग प्रत्येकाने रात्री ९ ते ९.३० आपण कुठे होतो, काय पाहिलं, हे कागदावर लिहावं. ते कागद शेजारी शेजारी लावले की संहितेतली भोकं लगेच दिसतात.

खरा आनंद सुगावा लपवण्यात आहे आणि तो आपल्या मातीतलाच असावा. समजा, बंगल्यावर आलेली एक बाई सांगते, “मी जन्माने पुण्याची, कोल्हापूर आज पहिल्यांदा पाहिलं.” पुढे चौकशीत ती सहज म्हणते, “मी वर गेलोच नव्हतो.” पुण्याची बाई ‘गेलेच नव्हते’ म्हणाली असती. आपल्या कोल्हापूरकडच्या बायका ‘आलो’, ‘गेलो’च म्हणतात, त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला काही खटकत नाही. शेवटी इन्स्पेक्टर तेच वाक्य तिला म्हणून दाखवतो. पुरावा सगळ्यांच्या कानांवरून गेलेला असतो!

यात दोन ठिकाणी घात होतो. काम करणारी मुलगी कोल्हापूरचीच, त्यामुळे भलतीकडेही तिच्या तोंडून ‘आलो’ निसटतं. प्रॉम्प्टरने तिच्या प्रत्येक ‘आले-गेले’खाली लाल रेघ मारावी आणि चुकलं की तालीम तिथल्या तिथे थांबवावी. दुसरं म्हणजे, महत्त्वाचं वाक्य म्हणून ती त्यावर जोर देते आणि मध्यंतराच्या चहालाच लोकांना खुनी कळतो. वाक्य सपाट म्हणावं आणि लगेच फोन वाजवावा. त्याच्या आधी हशाची जागा मात्र नको, हशात ते बुडतं आणि शेवटी कुणालाच आठवत नाही.

फोनची घंटा रिसीव्हर उचलताक्षणी थांबली पाहिजे. म्हणून ध्वनीवाल्याला नटाचा हात दिसेल अशाच जागी बसवा.

दाराकडे नीट लक्ष द्या. कापडी फ्लॅटला, म्हणजे नेपथ्याच्या खोट्या भिंतीला, चौकट ठोकली आणि कुणी रागाने दार आपटलं की अख्खा बंगला हलतो. चौकट स्वतंत्र उभी करावी, मागून दोन तिरके टेकू द्यावेत, त्यांच्या पायाशी वाळूची पोती ठेवावीत. दार विंगेकडे उघडावं, नाहीतर आत येणारा फळीआड झाकला जातो.

खुनाचा अंधार चार-पाच सेकंदांचा पुरे. जुन्या हॅलोजन दिव्यांची तार बंद केल्यावरही क्षणभर लाल दिसते, म्हणून खुन्याने मनात दोन आकडे मोजूनच हलावं. प्रेताने उताणं पडू नये, पोट हलताना पहिल्या रांगेला दिसतं. कुशीवर, पाठ प्रेक्षकांकडे.

१९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. ते दुःख कोल्हापूरच्या नाटकवाल्यांच्या मनातून जाणार नाही. शाळेच्या हॉलमध्येही एकाच एक्स्टेन्शनवर सगळे दिवे चढवू नका. दोन्ही विंगांत अग्निशामक ठेवा आणि तो चालवता येणारा मोठा माणूस जवळ असू द्या.

सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी पालकांसाठी असे दोन प्रयोग असतील, तर गुपित दुपारभर टिकलं पाहिजे. लंडनला १९५२ पासून रंगमंचावर असलेल्या अगाथा ख्रिस्तींच्या ‘द माउसट्रॅप’मध्ये शेवटी प्रेक्षकांना खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती करतात. आपल्याकडे ती खुन्याचं काम करणाऱ्या मुलीनेच, पडदा पडण्याआधी पुढे येऊन, हात जोडून करावी. आणि तेव्हा तिने अस्सल कोल्हापुरीत बोलावं: “येतो मी!”