पिन उचल रे

भाचीनं नवा रेकॉर्ड प्लेअर घेतलाय. रविवारी दुपारी जेवणं आटोपून मी पंख्याखाली जरा लवंडलो होतो, तेव्हा तिनं बीटल्स या इंग्लिश बॅंडची १९६७ ची रेकॉर्ड 'सार्जंट पेपर' लावली. मामाला काय आवडतं ते पोरीला पक्कं ठाऊक. दुसरी बाजू संपत आली. 'अ डे इन द लाइफ'च्या शेवटचा तो पियानोचा दणका झाला, घुमला, विरत विरत अगदी काठाला आला आणि खट्! प्लेअरचा हात आपला आपणच उचलला गेला आणि निमूट जागेवर जाऊन बसला.

"अगं, अजून संपलं नव्हतं!" मी उठूनच बसलो.

"संपलं की, मामा. ऑटो रिटर्न आहे. उठायला नको, काही नको."

आता हिला कसं सांगायचं, की त्या चौघांनी ती रेकॉर्ड उठून पिन उचलणाऱ्यांसाठीच केली होती. लेबलाला लागून जी शेवटची खाच असते ती गोल बंद असते. पिन तिथे पोचली की फिरत राहते, कुणी येऊन उचलेपर्यंत. बाकी सगळ्या रेकॉर्डींवर तिथे नुसतं खर्र-खर्र. २१ एप्रिल १९६७ ला, रेकॉर्ड जवळपास हातावेगळी झालेली असताना, बीटल्स माइकसमोर उभे राहिले आणि तोंडाला येईल ते बडबडले. त्या टेपचे तुकडे करून, उलटसुलट जोडून ती बडबड त्या बंद खाचेत भरली. जो पटकन उठला त्याला ती एकदोनदाच ऐकू आली. जो झोपला त्याच्या घरात ती रात्रभर चालली. म्हणजे रेकॉर्ड किती मिनिटांची हे ऐकणाऱ्याच्या आळसावर. शिवाय बडबडीच्या आधी पंधरा हजार हर्ट्झची एक बारीक शिट्टी. ती खास कुत्र्यांसाठी, कल्पना चौघांपैकी जॉन लेननची. ज्या कंपनीनं कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा जगभर नेला, तिच्याच पदरच्या बॅंडनं अखेर त्या कुत्र्यासाठी काहीतरी वाजवलं, हे मला फार न्यायाचं वाटतं.

आमच्या घरात ही रेकॉर्ड आली ती गिरगावातल्या माझ्या मामाकडे. त्याचा एक मित्र बोटीवर होता. त्यानं लंडनहून आणली, आणि परत बोटीवर जाताना 'असू दे तुझ्याकडे' म्हणाला तो म्हणालाच. मामाचा प्लेअर पेटीवजा, स्पीकर झाकणातच. चाळीतली खोली ती केवढी. त्यात कॉट, कॉटखाली रेकॉर्डी, कॉटवर मामा आणि खाली सतरंजीवर आम्ही भाचरं. रेकॉर्डीला हात लावायची परवानगी नव्हती, कव्हरला होती. मग काय, सगळं बालपण त्या कव्हरात गेलं म्हणा. मागच्या बाजूला सगळी गाणी अक्षरन् अक्षर छापलेली. पॉप रेकॉर्डवर असं त्याआधी कुणी केलेलं नव्हतं. आत कापून घ्यायच्या चित्रांचा जाड कागद, त्यात बिल्ले, सार्जंटच्या हुद्द्याच्या पट्ट्या आणि एक मिशी. आमच्या प्रतीतली मिशी आधीच कुणीतरी कापून नेली होती. कागदात नुसतं मिशीच्या आकाराचं भोक. ते मी नाकाखाली धरून आरशात बघायचो. उलटी मिशी, म्हणजे मिशी सोडून सगळं.

पुढच्या बाजूचा तो घोळका तर पाठच होता. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकारांनी पुठ्ठ्याची माणसं कापून उभी केलेली. मामा त्यातले आपले लोक दाखवायचा. योगानंद, त्यांचे गुरू युक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि बाबाजी, चौघेही बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाखातर तिथे आलेले. गांधीजीसुद्धा होते, पण कंपनीच्या साहेबाला वाटलं, हिंदुस्थानात लोक भडकतील, रेकॉर्ड खपायची नाही. मग छपाईच्या आधी त्यांच्यावर झाडाचा पाला रंगवला. हे मला मोठेपणी कळलं, आणि तेव्हापासून त्या पाल्याकडे बघताना उगाच चुकल्यासारखं होतं. गिरगावात तरी कोण भडकणार होतं! आजीनं फार तर विचारलं असतं, एवढ्या बायाबापड्यांत ते कशाला उभे राहिलेत म्हणून.

आजीचं या रेकॉर्डबद्दलचं मत हे मी आजवर वाचलेल्या सगळ्या समीक्षांपेक्षा वरचं मानतो. पहिली बाजू तिनं कधी मनावर घेतली नाही. चाळीत रेडिओ, नळ, भांडी, त्यात आणखी एक गोंगाट. पण दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू' लागलं की तिचं निवडणं थांबायचं. तांदळाचं ताट मांडीवर, बोटात एक खडा, आणि मान जराशी कलती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "तंबोरा बरा लागलाय. पण हा बुवा आवाज मोकळा का सोडत नाही? पडसं झालंय का?" गाणं संपल्यावर एकदम हशा ऐकू येतो. हॅरिसननंच तो मुद्दाम घालायला लावला, एवढं गंभीर झाल्यावर जरा हलकं वाटावं म्हणून. आजी शांतपणे म्हणाली, "बघ, त्यांचं त्यांनाच हसू आलं." आणि खडा टाकून पुढचा मूठभर तांदूळ ओढला.

त्या गाण्यात बाकीचे तिघे बीटल्स नाहीतच. वाजवणारे लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधले. कव्हरवर जगभरच्या नटनट्यांची गर्दी, पण या वादकांचं नाव कुठेही नव्हतं. बऱ्याच वर्षांनी ती नावं पुढे आली. तबल्यावर सोनी, तंबोऱ्यावर कन्सारा, दिलरुब्यावर एक गज्जर आणि एक जोशी. जोशी! आजी असती तर पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठले जोशी?"

बाहेर जगात त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं ते नंतर वाचलं. रेकॉर्ड १ जूनला यायची होती, इंग्लंडात ती त्याआधीच काही दिवस दुकानांत लागली. ४ जूनला, रविवारी, लंडनच्या सॅव्हिल थिएटरात गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सनं आपला कार्यक्रम थेट 'सार्जंट पेपर'च्या शीर्षकगीतानंच सुरू केला. प्रेक्षकांत बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी बसलेला. गाणं बाजारात येऊन धड दहा दिवस झालेले नाहीत आणि दुसऱ्यानं ते बसवून, स्वतःचं करून, त्याच्याच समोर वाजवलं. मॅकार्टनी अजून हा किस्सा सांगतो म्हणे, आणि का सांगू नये! लॅंग्डन विनर नावाचा अमेरिकन लेखक त्या आठवड्यात गाडीनं देश ओलांडत होता. पेट्रोलला थांबावं, खायला थांबावं, जिथे थांबेल तिथे कुठल्यातरी ट्रान्झिस्टरवर हीच गाणी. त्यानं लिहिलं, की १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसनंतर, म्हणजे युरोपातल्या सत्तांच्या त्या मोठ्या बैठकीनंतर, पाश्चात्त्य संस्कृती एवढी एकवटली ती या आठवड्यातच. मला हे वाक्य आवडतं, पण पटत नाही. एकच रेकॉर्ड सगळ्यांनी ऐकली असं म्हणायला ती सगळीकडे एकच हवी ना.

ती नव्हतीच. त्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या रेकॉर्डींत शेवटची ती बडबड आणि शिट्टी गाळली होती. विनरच्या अख्ख्या एकवटलेल्या देशाला शेवटची खाच माहीतच नाही. बीबीसीनं तर 'अ डे इन द लाइफ'वरच बंदी घातली, अमली पदार्थांचा वास आला म्हणून. म्हणजे रेडिओच्या भरवशावर असलेल्यांची रेकॉर्ड बारा गाण्यांची. आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकानं तिला लाडावलेल्या पोरासारखी बिघडलेली म्हटलं. वाचकांनी पत्रं लिहून त्याला नको नको केलं. पुढे त्यानंच सांगितलं की तेव्हा त्याच्या स्टिरिओत बिघाड होता. लोक ही गोष्ट त्याची फजिती म्हणून सांगतात. मला मात्र तो एकटाच प्रामाणिक वाटतो. जे त्याच्या घरात वाजलं, त्यावर त्यानं लिहिलं. बाकीचे कुठे वेगळं करत होते?

आणि बिघाड नसता तरी कुठला स्टिरिओ? बीटल्सनी स्वतः जीव ओतला तो मोनोच्या मिक्सिंगमध्ये. मोनोत सगळा आवाज एकाच वाटेनं येतो, स्टिरिओत डावा-उजवा वेगळा. स्टिरिओचं काम मागाहून उरकलं गेलं, तेव्हा ते तिथे नव्हतेसुद्धा. मोनोतलं 'शीज लीव्हिंग होम' जरा जलद आहे, सूरही चढा. मामाची प्रत मोनो. त्यामुळे घर सोडून जाणारी ती मुलगी माझ्या डोक्यात लगबगीनं, चपला हातात घेऊन जिना उतरते. कॉलेजात मित्राकडे स्टिरिओ ऐकलं तर तीच मुलगी अशी रेंगाळत निघालेली, की कुणीतरी 'थांब' म्हणेल याची वाट बघतेय. मी मित्राला म्हटलं, तुझ्या प्लेअरचा पट्टा ढिला झालाय. तो म्हणाला, तुझ्या मामाचा घट्ट असेल. आमचं ते भांडण अजून मिटलेलं नाही. फोनवर होतं.

तर ती शेवटची खाच. मामाला शिट्टीचं कुठूनसं कळलं, आणि प्रयोग करायचा ठरला. चाळीच्या चौकात एक पिवळं कुत्रं पडलेलं असायचं. त्याला बिस्किटाच्या आमिषानं दोन जिने चढवून आणलं. आजीनं पदर नाकाला लावला. "ते आत आणू नकोस हं." म्हणून कुत्रं उंबऱ्याबाहेर, प्लेअर उंबऱ्यात, आम्ही भोवती श्वास रोखून. पियानो विरला. कुत्र्यानं जांभई दिली. बडबड सुरू झाली, फिरत राहिली. कुत्रं मान वळवून पाठीमागची गोचीड शोधायला लागलं. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अडकली वाटतं." मामा हात वर करून म्हणे, "थांबा, थांबा!" कशासाठी ते त्यालाच ठाऊक. शेवटी आतून आजी म्हणाली, "पिन उचल रे, त्या मुक्या जनावरासाठी तरी."

आज वाटतं, त्या झाकणातल्या स्पीकरला एवढी बारीक शिट्टी वाजवताच येत नसणार. लेननचा निरोप गिरगावच्या कुत्र्यापर्यंत पोचलाच नाही. सीडी निघाल्यावर, १९८७ मध्ये, शिट्टी आली, बडबडही आली, पण ती काही वेळा फिरते आणि हळूहळू बारीक होत थांबते. जी कुणीतरी उठेपर्यंत थांबायची नव्हती तिलाच तिथे विरवून टाकलीय. मी सीडीवर ती आली की बंद करतो. माझा हट्ट आहे, असू दे.

एक मात्र कबूल करायला हवं, की ही त्यांची सगळ्यांत चांगली रेकॉर्ड आहे असं मला वाटत नाही. 'व्हेन आय अॅम सिक्स्टी-फोर' लागलं की मी चहा टाकायला उठतो. पूर्वी ते पोरकट वाटायचं म्हणून, हल्ली चौसष्ट दाराशी आलंय म्हणून. पण पियानोच्या त्या शेवटाला मी हजर असतो. तीन पियानोंवर काही जणांनी एकदम हात आपटले, आणि आवाज विझत जाईल तसतसं स्टुडिओतल्या तंत्रज्ञांनी माइकची पातळी वर वर चढवत नेली. त्यामुळे अगदी शेवटी सुरापेक्षा ती खोली जास्त ऐकू येते. हवेची घरघर, आणि कुणाची तरी खुर्ची करकरते. जगातल्या सगळ्यांत नावाजलेल्या स्टुडिओत एक माणूस जरासा हलला, आणि ते कायमचं छापलं गेलं. मामा ती करकर आली की बोट वर करायचा. पाहुणे आले की त्यांनाही ऐकवायचा. त्यांना ती कधीच ऐकू यायची नाही, कारण नेमकी तेव्हाच त्यांची बशी वाजायची.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. रेकॉर्ड माझ्याकडे आहे, तिच्यावर चरे आहेत, त्यातला एक नेमका त्या खुर्चीच्या जागी. मध्यंतरी भाचीनं विचारलं, मोनो चांगलं की स्टिरिओ, तुझं खरं मत सांग. मी मोठं व्याख्यान द्यायच्या बेतात होतो. पण गेल्या पावसाळ्यात कानाच्या डॉक्टरांनी मला एक आलेख दाखवला. डाव्या कानाची रेघ बऱ्यापैकी सरळ, उजव्याची मधूनच खाली गेलेली. त्यांनी विचारलं, गाणंबिणं ऐकता का?

मी हो म्हटलं. आता मला सगळं मोनोच.