हायड्रेंजियासाठी आधी गॅलरीची दिशा बघा

पुण्यात हायड्रेंजिया फुलतं का, असं कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या गॅलरीची दिशा विचारते. माती, खत, कुंडी हे सगळं नंतर. ऊन किती तास मिळतं यापेक्षा ते कोणत्या वेळचं आहे, यावर या झाडाचं सगळं अवलंबून आहे.

'रोज ४ ते ६ तास ऊन द्या' हा नेटवरचा सल्ला बहुतेक वेळा थंड देशातल्या बागांसाठी लिहिलेला असतो. लंडनमध्ये जूनच्या भर दुपारी सूर्य जेवढा वर चढतो, जवळपास तेवढा तो पुण्यात एप्रिलमध्ये पावणेअकरालाच चढलेला असतो. म्हणून मी इथे सरळ सांगते: कोवळं ऊन सकाळी दहा-साडेदहापर्यंत, पुढे दिवसभर उजेड, पण ऊन नाही.

आपल्याकडे नर्सरीत मिळतं ते मोठ्या पानांचं, गोल गुच्छांचं हायड्रेंजिया. ते मूळचं जपानच्या दमट किनारपट्टीचं. पानं रुंद आणि मऊ, त्यामुळे कोरड्या उन्हात मुळं पाणी पोचवतात त्याहून वेगानं ते पानांतून उडून जातं.

पूर्वेच्या गॅलरीला मी पहिली पसंती देते. वरच्या मजल्याचा स्लॅब तिथे फार मोलाचं काम करतो. सूर्य वर चढला की ऊन आपोआप कठड्याबाहेर जातं. सर्वांत वरच्या मजल्यावर किंवा उघड्या गच्चीत हा आडोसा नसतो, तिथे ५० टक्क्यांची शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी, बांधावीच लागते.

उत्तरेची गॅलरी वर्षभर सावलीत असते असं लोक गृहीत धरतात. पुण्यात तसं नाही. मेच्या मध्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत तिकडेच असतो. पावसाळी ढग येईपर्यंतचे ते दोन-तीन आठवडे उत्तरेच्या गॅलरीतली रोपं भिंतीलगत आत घ्या. दक्षिणेचं उलटं: मे महिन्यात स्लॅबखाली चांगली सावली, आणि थंडीत सूर्य खाली उतरला की ऊन पार खोलीच्या दारापर्यंत.

मला खरी काळजी वाटते ती ऑक्टोबरची. चार महिने ढगाळ उजेडात वाढलेली पानं कोवळी असतात आणि पाऊस थांबताच एकदम कडक ऊन पडतं. पानांवर तपकिरी, कागदासारखे डाग पडतात ते बरेचदा तेव्हाच. त्यांना रोग समजून औषध मारू नका, कुंडी हलवा. पुढच्या फुलांच्या कळ्या पावसाळ्याच्या अखेरीपासून जुन्या फांद्यांच्या शेंड्यांत धरू लागतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पक्क्या होतात, म्हणून या दिवसांत झाड भाजू द्यायचं नाही आणि छाटायचं तर मुळीच नाही.

फार अंधारही नको. पेरं लांब झाली, पानं मोठी, गडद हिरवी आणि फुलाचा पत्ता नाही, तर उजेड कमी पडतोय. सोसायटीच्या आवारात लावणार असाल तर आंब्याखाली नको, तिथली सावली दाट. शेवग्याची विरळ सावली या झाडाला मानवते.

दुपारी पानं माना टाकतात तेव्हा घाईनं पाणी ओतू नका. बोटभर खोल माती ओली लागली तर संध्याकाळपर्यंत थांबा. बहुतेक वेळा झाड स्वतःच सावरतं. सकाळीही मान खाली असेल तर मात्र काहीतरी बिनसलंय. आणि फुलं निळी की गुलाबी हे उन्हावर ठरत नाही. आम्लधर्मी मातीत मुळांना ॲल्युमिनियम मिळतं, म्हणून निळा रंग येतो.

माझ्या न्यू जर्सीच्या वहिनींच्या अंगणात हायड्रेंजिया दिवसभर उन्हात डोलतं, तो फोटो बघून मला बरेचजण प्रश्न विचारतात. ती वेगळी जात आहे, पॅनिक्युलाटा. तिचे तुरे निमुळते असतात, फुलं त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर येतात आणि तिला ऊन सोसतं. तिच्या हिशेबानं आपल्या गोल गुच्छवालीला उन्हात ठेवू नका.

तुमच्याकडे फक्त पश्चिमेची गॅलरी असेल आणि समोर ऊन परतवणारी काचेची इमारत असेल, तर हायड्रेंजिया आणूच नका. तिथे बोगनवेल लावा, ती वर्षानुवर्षं मनसोक्त फुलेल.