टॉडमॉर्डनमध्ये परकं वाटायचं का?

माझं बालपण इंग्लंडमध्ये गेलं हे कळलं की पुण्यातली माणसं आधी लंडनचं काहीतरी विचारतात. लंडन नव्हे, उत्तरेकडचं एक छोटं गिरणगाव, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तिथं तुम्हाला परकं नाही वाटलं?" विचारणाऱ्याच्या आवाजात आस्था असते, त्यामुळे हो किंवा नाही म्हणून विषय संपवावा असं मला वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

गावाचं नाव टॉडमॉर्डन. तिथले लोक नुसतं टॉड म्हणतात. पेनाइन डोंगरांतल्या अरुंद खोऱ्यात, लँकेशायर आणि यॉर्कशायर या दोन परगण्यांच्या ऐन सीमेवर ते वसलंय. १८७५ मध्ये उघडलेला टाउन हॉल एका ओढ्यावर बांधलेला आहे, आणि तेव्हा दोन परगण्यांची हद्द त्या ओढ्यावरूनच जायची. इमारतीच्या कपाळावर दोन दगडी स्त्रिया आहेत, एक लँकेशायरची, दुसरी यॉर्कशायरची. १८८८ मध्ये सगळं गाव यॉर्कशायरमध्ये गेलं, पण गावचा क्रिकेट संघ खेळायचा तो लँकेशायर लीगमध्येच. आम्ही नेमके कुठले, यावर मी लहान असतानाही म्हातारी माणसं तावातावाने भांडायची. हा प्रश्न त्या गावात आमच्या आधीपासून मुक्कामाला होता.

बाबा डॉक्टर. १९७१ च्या वसंतात आम्ही जळगावहून तिथं गेलो, तेव्हा मी चार वर्षांची होते. इंग्लंडचं नवं दशमान चलन त्याच फेब्रुवारीत, १५ तारखेला सुरू झालं होतं. त्यामुळे वाण्याच्या दुकानात आईच नव्हे, सगळ्याच बायका हातातली नाणी उलटसुलट करून बघायच्या, आणि दुकानदार प्रत्येकीला तितक्याच शांतपणे हिशेब समजावायचा. आई म्हणते, तिची पहिली ओळख त्या रांगेत झाली.

आमचं घर चढावर होतं. तिथं जागा इतकी कमी की एका घरावर दुसरं घर बांधलेलं असतं: खालच्याचं दार खालच्या रस्त्यावर, वरच्याचं दार मागच्या, उंचावरच्या गल्लीत. दगड गिरण्यांच्या धुराने काळेभोर झालेले. तो दगड मुळात मधासारख्या रंगाचा असतो, हे पुढे इमारती धुवून काढल्या तेव्हा कळलं. पाऊस बारमाही, बारीक, चिवट. त्याबद्दल मी एवढंच बोलेन.

बोलायचंय ते खालच्या घरातल्या आजींबद्दल. त्यांची सगळी उमर मागांवर गेली होती. शेकडो माग एकदम चालू असताना कानठळ्या बसायच्या, बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून विणकर बायका ओठ मोठे मोठे हलवून, चेहरा आणि हात वापरून बोलत. तिकडे त्याला 'मी-मॉ करणं' म्हणतात. गिरणी सुटली तरी आजींची ती सवय सुटली नव्हती, आणि कानांनीही दगा दिला होता. त्या प्रत्येक शब्द ओठांनी घडवून दाखवायच्या. मला इंग्रजीचा गंधही नव्हता, पण त्यांचं बोलणं मला पहिल्यांदा उमगलं, कारण ते डोळ्यांनी बघता येत होतं. दूध, जिना, मांजर, पाऊस, इकडे ये. शाळेत बाईंचं इंग्रजी कळायला बरेच महिने लागले. आजींचं लगेच कळलं. आजही मी इंग्रजी बोलताना ओठ जरा जास्त हलवते, असं लोक म्हणतात. ती त्यांची देणगी आहे.

माझे आजोबा खानदेशात कापूस पिकवत. बाबांनी हे खालच्या आजींना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत सरसावून बसल्या. त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलं होतं: अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस येईना, आणि १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरभर माग बंद पडले. मग हिंदुस्थानचा कापूस आला. त्याला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. तो आखूड धाग्याचा, मागावर सारखा तुटणारा. दिवसभर तुटलेले धागे जोडत बसायचं आणि मजुरी कमी, म्हणून विणकर त्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडत. बाबा हसले नाहीत. त्याच कापसाला तेव्हा भाव आला आणि मुंबईत पैसा वाहिला, हे ते म्हणाले, आणि दोघंही बराच वेळ कापसावर बोलत राहिले. एक खानदेशी डॉक्टर आणि एक लँकेशायरी विणकरीण यांना बोलायला असा विषय सापडेल, हे मला मोठेपणी फार मोलाचं वाटू लागलं.

वाईट अनुभव आले का? आले. शाळेच्या वाटेवर काही मुलं माझ्या रंगावरून ओरडायची, एकदा कुणीतरी दगडही भिरकावला. पण मी डॉक्टरची मुलगी होते, अर्ध्या गावाची नाडी बाबांच्या हातात होती, आणि त्या कवचाची किंमत मला ठाऊक आहे. पाकिस्तानातून आलेल्या काही कुटुंबांतले पुरुष गिरणीत रात्रपाळी करायचे. त्यांच्या मुलांना असं कवच नव्हतं. त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसलं. म्हणून माझं उत्तर हे त्या काळच्या सगळ्यांचं उत्तर समजू नका.

दिवाळीचं मात्र आमचं छान जमायचं. तिकडे ५ नोव्हेंबरला गाय फॉक्सची रात्र असते, होळीसारखी मोठी शेकोटी पेटते आणि फटाके उडतात. फुलबाज्या दुकानात यायच्या त्या त्याच सुमारास. आई दिवाळीसाठी त्यातल्या राखून ठेवायची. खालच्या आजी ओटचं पीठ, ट्रीकल म्हणजे काकवीसारखा पाक, आणि आलं घातलेला पार्किन नावाचा केक द्यायच्या, वरून चकल्या खाली जायच्या. चकलीची भाजणी करायला लागणाऱ्या डाळी बाबा शनिवारी ब्रॅडफर्डहून आणायचे.

आता खरं उत्तर. परकं मला टॉडमध्ये वाटलं नाही. ते वाटलं नऊ वर्षांची असताना जळगावच्या आमच्याच अंगणात. मला मराठी येत होतं, चांगलं येत होतं, पण ते सगळं आईबाबांच्या तोंडचं. माझ्या वयाचं एकही मूल माझ्याशी कधी मराठीत बोललं नव्हतं. चुलत भावंडं लपंडाव खेळायला लागली आणि मला राज्य कुणावर, टाइमप्लीज कधी, धप्पा कसा द्यायचा, काहीच कळेना. मी चिडले तेव्हाही तोंडातून "हे बरोबर नाही हं, असं वागू नये" असं आईचं वाक्य निघालं. अंगणभर हशा पिकला. मोठ्या माणसांची मराठी बोलणारी पोर त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या सुट्टीत मला नीट भांडायला शिकवलं ते माझ्याहून लहान चुलत बहिणीनं, आणि तिचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून परदेशात मुलं वाढवणारं कुणी सल्ला विचारलं, तर पुस्तकं आणि श्लोक नंतर बघा, आधी तुमच्या पोराला मराठी बोलणारं दुसरं पोर शोधून द्या, असं मी कळकळीनं सांगते. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, पण आमच्या खोऱ्यातून लंडन म्हणजे दुसरं टोक. माझा धाकटा भाऊ टॉडमध्येच जन्मला, तोवर मी शाळेत जायला लागले होते. आम्ही एकमेकांशी खेळलो ते तिथल्याच बोलीत. तो आता मँचेस्टरला असतो. फोनवर आईच्या औषधांबद्दल आम्ही मराठीत बोलतो, आणि भांडण झालं की दोघंही तडक टॉडच्या बोलीवर येतो.