वडे-सागुतीसाठी कोंबडी कुठली पाळावी?

घरी खाण्यापुरत्या कोंबड्या पाळायच्यात, जात कुठली घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, तुमच्याकडे चूल की कुकर? आणि रस्सा करणारं माणूस किती वेळ थांबायला तयार आहे? यावर निम्मं उत्तर ठरतं. उरलेलं निम्मं मुंगूस ठरवतं.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, मागे आंब्या-काजूची परसबाग आणि पलीकडे रान. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि सणाला मुंबईहून येणारे दोन दीर, त्यांची पोरंबाळं. खाणारी तोंडं एकदम वाढतात ती गटारीला, गौरीच्या तिखट्या नैवेद्याला आणि शिमग्याला. मधला श्रावण आम्ही पाळतो. म्हणजे वर्षभर दर रविवारी कोंबडी असा आमचा हिशेब नाहीच. ठरल्या वेळी एकदम दहा-बारा पक्षी तयार हवेत, आणि खुराड्यात जे कायम राहील ते आपलं आपण जगणारं हवं.

बॉयलरपासून सुरुवात करते, कारण नव्या माणसाला तीच सोपी वाटते. सोपी आहेही. सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते, आणि नीट सांभाळली तर पावणेदोन किलो खाद्यात किलोभर वजन देते. दुसरी कुठलीही कोंबडी या आकड्याच्या जवळ जात नाही. पण ती परसात फिरायची कोंबडी नव्हे. खाद्याच्या भांड्यापाशी बसते, तिथेच खाते, तिथेच हगते. दिवस भरले की कापावीच लागते. सण लांब आहे म्हणून आणखी महिनाभर ठेवली, तर अंगाचा भार पायांना पेलत नाही, उन्हाळ्यात धाप लागते आणि चांगला वजनदार पक्षी अचानक मरून पडतो. चवीचं म्हणाल, तर आमच्या सासूबाईंनी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटपात ती एकदाच घातली. वीस मिनिटांत मांस हाडावरून सुटून रश्श्यात विरघळलं. "ह्येला हाडूक तरी हाय काय?" एवढंच त्या म्हणाल्या. शहरात, कुकरवर, तासाभरात जेवण हवं असेल तर बॉयलरला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त ती बंदिस्त जागेत, कोरड्या तुसावर, वेळेवर खाद्य देऊन वाढवायची.

दुसऱ्या टोकाला गावठी. वर्षाला पन्नास-साठ अंडी, सहा-आठ महिन्यांत जेमतेम सव्वा-दीड किलो. मांसासाठी म्हणून पाळायला गेलात तर हिशेब कधीच जुळणार नाही. पण खाद्य जवळपास फुकट: भाताची कणी, उष्टं-खरकटं, शेणातले किडे, पिल्लांना वाळवी. घारीची सावली दिसली की अशी ओरडते की परसातलं एकूण एक पिल्लू आईच्या पंखाखाली. रात्री आंब्यावर चढून बसते. आणि मुख्य म्हणजे खुडूक होते. दहा-बारा अंडी खाली ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं घेऊन उठते. बल्ब नको, वीज गेली म्हणून धावपळ नको. तिचा वर्षाचा कोंबडा चुलीवर दीड-दोन तास रटरटतो, पण त्या रश्श्यावर जो तवंग येतो तो दुसऱ्या कशाला येत नाही.

या दोहोंच्या मधे सरकारी संशोधनातल्या रंगीत जाती आहेत. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. परसातल्या माणसासाठीच काढलेल्या या जाती. वनराज मला जास्त आवडते. पिसं रंगीत असल्यामुळे पाचोळ्यात ती पांढऱ्या कोंबडीसारखी लांबून घारीच्या डोळ्यात भरत नाही. पाय लांब असल्याने पळूही शकते. गावठीइतकी चलाख मात्र नाही, उडायचा तर कंटाळाच. मुंगसाने आमच्याकडे नेलेल्यांत याच जास्त. अडीच-तीन महिन्यांत नर कापायला येतात, मांसाला दम असतो आणि वाटपात तुकडा तुकड्याच्या जागी राहतो. किलोमागे खाद्य बॉयलरपेक्षा बरंच जास्त लागतं, पण बाहेर सोडल्या की थोडं वाचतं.

यांची खोट एकच आणि मोठी आहे: या खुडूक होत नाहीत. शिवाय यांची अंडी उबवून पुढची पिल्लं धरली तरी आई-बापांसारखं वजन येत नाही. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणायची. कोणी "एकदा घ्या, मग घरच्या घरी वाढवा" असं सांगून वनराज विकत असेल तर त्याच्याकडून घेऊच नका.

कडकनाथबद्दल सगळे विचारतात. झाबुआची ही कोंबडी, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस, हाडं, कातडी सगळं काळं. चव चांगली, पण मोठा नरसुद्धा दोन किलोच्या आतबाहेर आणि वाढ सावकाश. पिल्लू महाग. घरच्या जेवणासाठी इतकं थांबायचं तर गावठी काय वाईट? सांगली-कोल्हापूरकडे याच कोंबडीच्या गुंतवणूक योजनांत कित्येक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्यात कोंबडीचा दोष नाही, पण "कडकनाथात सोनं आहे" म्हणणाऱ्याला मी चहा पाजून वाटेला लावते.

बाजारात टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात ती घेऊ नका. ती बहुतेक अंड्याच्या जातीचे नर असतात. पोरं हट्ट करतात हे खरं, पण चार महिने खायला घातलं तरी अंगावर मांस धरत नाहीत.

आता आमच्याकडची मांडणी. सहा-सात गावठी कोंबड्या कायम. त्यांच्यात कोंबडा मात्र वनराजचा. त्यांची पिल्लं गावठीपेक्षा अंगाने थोराड होतात आणि त्यातल्या काही तलंगा, म्हणजे तरुण माद्या, पुढे खुडूकही होतात. याशिवाय मे महिन्यात वीस-पंचवीस वनराज पिल्लं आणते. मे अशासाठी, की पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि त्या दिवसांत बल्ब फारसा जळत नाही. पाऊस लागेपर्यंत ती पिसांत येतात. जूनच्या ओलीत एक दिवसाची पिल्लं आणली की तूस भिजतं, रक्ती हगवण लागते आणि मग डबा घेऊन डॉक्टरकडे पळायचं. मेमधले नर गटारीला तयार, उरलेले गौरीला. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो या रोगाची दुसऱ्यात, आणि मग दोन महिन्यांच्या सुमाराला पुन्हा मानमोडीची. हे चुकवायचं नाही. मानमोडी आली की जात कुठली हे ती विचारत नाही.

आणखी एक, जे कुठल्या माहितीपत्रकात नसतं. आमच्याकडे कोंबडी सोलत नाहीत. पिसं काढून, हळद लावून, पेंढ्याच्या जाळावर भाजतात आणि कातडीसकट रांधतात. काळ्या पिसांच्या पक्ष्याचे खुंट कातडीत राहतात, कितीही भाजा, ठिपके दिसतातच. म्हणून पिल्लं निवडताना तांबूस-तपकिरी बघून घेते. पिल्लं देणारा हसतो, म्हणतो ताई, रंग बघून साडी घेतात. हसू दे. पिसं काढायला त्याला थोडंच बसायचंय.

मेची पिल्लं हवी असतील तर मार्चमध्येच सांगून ठेवा. एप्रिल उजाडला की सगळ्या कोकणाला एकदम गटारी आठवते.