कंट्रोलची चौदावी बरगडी

उंदराला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. परवा एका भ्रूणात डावीकडे १४ भरल्या, आणि नेमक्या कंट्रोलच्या, म्हणजे जीनला हात न लावलेल्या भ्रूणांच्या बाटलीत.

हॉक्स-सी८ हे जीन बंद पाडलं की कमरेचा पहिला मणका स्वतःला छातीचा समजतो आणि त्याला बरगडी फुटते. हे १९९२ पासून माहीत आहे. त्यामुळे म्युटंटमध्ये, म्हणजे हे जीन बंद पाडलेल्या भ्रूणात, चौदावी दिसली तर आमच्याकडे कुणी मानही वर करत नाही.

पहिला संशय अर्थात माझ्यावर, कारण सापळे रंगवायचं काम माझं. साडेअठरा दिवसांचं भ्रूण सोलायचं, आतडी काढायची, अल्कोहोल, मग चरबी जावी म्हणून अ‍ॅसिटोन. अल्सियन ब्लूने कूर्चा निळी, अलिझरिन रेडने हाड लाल. खरी कसोटी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. मांस काचेसारखं होईपर्यंत थांबायचं, पण जास्त थांबलं की सापळाच विस्कटतो. मग घाईतली मंडळी चिमट्याने बरगड्या जागेवर मांडून फोटो काढतात. मी तसं करत नाही. माझ्या सापळ्यात बरगडी जिथे दिसते तिथेच ती असते.

अ‍ॅटलासपासून, म्हणजे मानेच्या पहिल्या मणक्यापासून, दोनदा मोजलं. मानेचे ७, बरगड्यांचे १३, आणि एकविसाव्याला डावीकडे एक इवलीशी लाल काडी, टोकाला निळी. लेबलांची अदलाबदल म्हणावी, तर म्युटंटमध्ये आठवी बरगडीही उरोस्थीला जाऊन भिडते. इथे सातच जोड्या भिडलेल्या. ठेवलेल्या शेपटीच्या तुकड्यावरून पीसीआर, म्हणजे जीनची तपासणी, पुन्हा केलं. जीनच्या दोन्ही प्रती शाबूत.

मॅडम म्हणाल्या, "काही वाणांत नॉर्मल उंदरांनाही असते गं. सोड." चूक नाही त्यांची. पण डावीकडे-उजवीकडे जीन तेच, गर्भाशय तेच. मग त्या एका बाजूला कुठलं जीन जरा उशिरा किंवा जरा कमी चाललं का? ते बघायचं तर भ्रूण नवव्या-दहाव्या दिवशीच काढून रसायनात फिक्स करावं लागतं, आणि तेव्हा बरगड्या झालेल्याच नसतात. बरगडी दिसते तोवर ती वेळ कधीच उलटून गेलेली. माझ्या हातात फक्त निकाल, उत्तरपत्रिका रद्दीत.

तक्त्यात 'बरगड्या' या रकान्यात एकच आकडा बसतो. मी तिरपी रेघ मारून १४/१३ लिहिलंय. मॅडमनी अजून पाहिलेलं नाही.