माइनक्राफ्ट: उसाचा फार्म झाला, आता सॉर्टर

जावा एडिशनमधल्या (माइनक्राफ्ट गेमची एक आवृत्ती) उसाच्या फार्मचा पहिला टप्पा उभा आहे: आठ-आठ उसांच्या चार रांगा. प्रत्येक उसामागे दुसऱ्या थराला पिस्टन (ढकलणारा ब्लॉक), त्याच्या डोक्यावर ऑब्झर्व्हर (समोरचा बदल टिपणारा ब्लॉक), दोघांचीही तोंडं उसाकडे. पिस्टनच्या पाठीशी भरीव ब्लॉक आणि त्यावर रेडस्टोन डस्ट, म्हणजे सिग्नल वाहून नेणारी भुकटी. ऊस तिसऱ्या थराला पोचला की ऑब्झर्व्हर पल्स देतो आणि पिस्टन वरचे दोन तुकडे पाडतो. बुंधा जागेवर राहतो, पुन्हा लावणी नाही.

रांग आठचीच, कारण एका सोर्सचं (मूळ पाण्याच्या ब्लॉकचं) पाणी स्वतःचं घर धरून आठ घरं वाहतं. शेवटच्या घराखाली हॉपर (आयटम गोळा करून पुढे देणारा ब्लॉक). वाहतं पाणीही उसाला चालतं. काही तुकडे बुंध्याच्या ब्लॉकवरच पडून राहतात. त्यासाठी खालून रूळ टाकून हॉपर मायनकार्ट फिरवायची, ती वरच्या ब्लॉकमधून आयटम ओढून घेते. या रांगेत वाळू नको, माती घ्या. रुळावर वाळू टिकत नाही, खाली कोसळते.

एका ब्लॉकला सरासरी ६८ सेकंदांनी रँडम टिक (गेम अधूनमधून देतो तो वाढीचा ठोका) मिळतो. एक तुकडा वाढायला असे १६ टिक, म्हणजे साधारण १८ मिनिटं. हिशेबाने ३२ उसांचे तासाला १०५ तुकडे. हातात पडतात त्याहून कमी. डस्ट सलग असल्यामुळे एक ऑब्झर्व्हर पेटला की आठही पिस्टन चालतात. शेजारच्या उसाचा दुसरा तुकडा १२ टिक खाऊन बसलेला असेल, तर ते १२ टिक पाण्यात. प्रत्येक ऊस सुटा केला तर हा तोटा टळतो, पण जागा जवळपास दुप्पट लागते. एवढ्याशा फार्मला तो खटाटोप नको. बोनमीलचा (खताचा) डिस्पेन्सरही नको; ते बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीत चालतं, जावात उसाला लागत नाही.

खरी गंमत सॉर्टरमध्ये, म्हणजे माल वेगळा करून आपापल्या चेस्टमध्ये टाकणाऱ्या यंत्रात आहे. एका कप्प्याला दोन हॉपर, एक कंपॅरेटर (हॉपर किती भरला ते सिग्नलच्या आकड्यात सांगणारा), तीन डस्ट, एक रिपीटर (सिग्नल पुढे नेणारा), एक टॉर्च (पेटलेला असेपर्यंत खालचा हॉपर बंद ठेवणारा). वरच्या फिल्टर हॉपरचं तोंड कंपॅरेटरकडे वळवा. ते खालच्या हॉपरकडे राहिलं तर फिल्टरचा माल आपोआप खाली रिकामा होतो. कप्पा बिघडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

पहिल्या खान्यात ४१ ऊस, उरलेल्या चार खान्यांत अॅन्व्हिलवर नाव बदललेला एकेक आयटम. एकूण ४५, सिग्नल २. पुढचा ऊस आला की ४६, सिग्नल ३: तो तिसऱ्या डस्टपर्यंत पोचतो, टॉर्च विझतो, खालचा हॉपर उघडतो आणि एक ऊस उचलतो. नाव बदललेले आयटम ६४च्या थप्पीचेच (एका खान्यात ६४ मावणारे) हवेत. एंडर पर्ल १६च्या थप्पीचा, म्हणून एकच पर्ल चार आयटमांइतका मोजला जातो आणि सगळा हिशेब कोलमडतो.

चेस्ट भरली की फिल्टर ६४ अधिक ४, म्हणजे ६८वर थांबतो. सिग्नल ४ व्हायला ६९ लागतात, त्यामुळे शेजारचा कप्पा सुरक्षित राहतो. त्या चार खान्यांत एकेकाच्या जागी दोन-दोन टाकले, तर चेस्ट भरताच शेजारचा टॉर्चही विझतो आणि त्याचा फिल्टर रिकामा होतो.

सगळ्या कप्प्यांवरून जाणाऱ्या हॉपरांच्या ओळीच्या टोकाला उरल्यासुरल्या मालाची चेस्ट ठेवाच. ती नसेल तर भरलेल्या कप्प्याचा ऊस ओळीत तुंबतो आणि बाकीच्या फार्मचा मालही अडकतो.